स्टेरॉइड सोडताना त्वचा रुसते तेव्हा...

गोळीचा डोस उतरू लागला की अंगावर पुरळ उठते. मलम थांबवले की चेहरा लालबुंद होऊन पेटतो. मग घाबरून पुन्हा तेच औषध सुरू होते. या चक्रातून बाहेर पडता येते; मात्र त्यासाठी आधी हे पुरळ कशाचे आहे, हे समजून घ्यायला हवे.

झाशीत राहणाऱ्यांना त्वचेचे हाल वेगळे सांगायला नकोत. मे-जूनमध्ये पारा पंचेचाळीसच्या आसपास रेंगाळतो आणि दुपारभर अंग भाजणारी लू वाहते. जुलैत पाऊस आला की कपडे अंगाला चिकटवणारा दमटपणा येतो आणि जानेवारीत ओठ-टाचा फोडणारी कोरडी थंडी. एकाच वर्षात त्वचेच्या तीन परीक्षा! म्हणूनच की काय, नेवाळकरांच्या काळापासून इथे स्थायिक झालेली मराठी घरे असोत, रेल्वेच्या नोकरीमुळे नंतर आलेली असोत, नाहीतर त्यांचे बुंदेलखंडी शेजारी असोत, औषधाच्या डब्यात अर्धी पिळलेली मलमाची ट्यूब हमखास सापडते. ती कुणी, कधी, कशासाठी आणली होती, हे कुणालाच आठवत नसते. घरात कुणाला खाज सुटली, की काकू ती ट्यूब पुढे करतात, "ही लाव गं, सकाळपर्यंत बसेल."

आणि सकाळपर्यंत खरोखरच बसते. गंमत अशी, की अडचण सुरू होते ती या गुणामुळेच. मलम थांबवल्यावर चार-आठ दिवसांत खाज दुप्पट जोराने परतते, पुन्हा ट्यूब निघते आणि महिने उलटतात.

दुसऱ्या प्रकारचे रुग्ण याहून वेगळे. त्यांना दमा, संधिवात, मूत्रपिंडाचा विकार, ल्युपस किंवा अंगावर फोड येणारा पेम्फिगस यांसारख्या आजारासाठी डॉक्टरांनीच स्टेरॉइडच्या गोळ्या दिलेल्या असतात. आजार आटोक्यात येतो आणि डॉक्टर डोस कमी करू लागतात. नेमक्या त्याच वेळी पाठीवर, हातांवर, जांघेत काहीतरी उठते. रुग्ण गोंधळतो. काही जण घाबरून स्वतःच डोस वाढवतात, तर काही जण रागाने गोळ्या केराच्या टोपलीत टाकतात. दोन्ही गोष्टी घातक आहेत.

औषध वाईट नाही, पण...

स्टेरॉइड हा शब्द ऐकताच अनेकांच्या कपाळावर आठ्या पडतात. खरे तर याच जातीचा पदार्थ आपले शरीर रोज बनवत असते. दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या लहानशा अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक तयार करतात. पहाटेपासून त्याचे प्रमाण वाढते, सकाळी ते सर्वांत जास्त असते आणि रात्री उतरते. ताप, अपघात, शस्त्रक्रिया अशा संकटात शरीर ते अधिक प्रमाणात सोडते. रक्तदाब टिकवणे, रक्तातली साखर सांभाळणे, शरीराची दाहक प्रतिक्रिया आवरणे ही त्याची कामे.

सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका स्त्रीला कॉर्टिसोनची इंजेक्शने दिली. जिला हलणेही कठीण होते, ती काही दिवसांतच चालू लागली. १९५० साली हेंच, एडवर्ड केंडल आणि स्वित्झर्लंडमध्ये काम करणारे टाडेउश राइखश्टाइन यांना या संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. १९५२ साली मॅरियन सुल्झबर्गर आणि व्हिक्टर विटेन या त्वचारोगतज्ज्ञांनी हायड्रोकॉर्टिसोन त्वचेवर लावूनही गुण येतो, असे दाखवले आणि मलमांचे युग सुरू झाले. कोविडच्या साथीत, जून २०२० मध्ये, प्राणवायूची गरज भासणाऱ्या रुग्णांचे प्राण डेक्सामेथासोन या स्वस्त स्टेरॉइडने वाचतात, हे ब्रिटनमधील मोठ्या चाचणीत सिद्ध झाले. पुढच्याच वर्षी, २०२१ मध्ये, अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा बेसुमार वापर यांतून आपल्या देशात काळ्या बुरशीच्या आजाराने थैमान घातले. एकाच औषधाची ही दोन रूपे आहेत. फरक पडतो तो प्रमाणाचा, मुदतीचा आणि देखरेखीचा.

एकदम का सोडायचे नाही?

शरीर मोठे काटकसरी असते. बाहेरून तयार माल येऊ लागला, की ते आपला कारखाना बंद ठेवते. तीन-चार आठवड्यांहून अधिक काळ मोठ्या डोसमध्ये स्टेरॉइड घेतले, की अधिवृक्क ग्रंथी सुस्तावतात. निरोगी माणसाचे शरीर दिवसाकाठी साधारणपणे ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या तोडीचे कॉर्टिसॉल बनवते. बाहेरचा पुरवठा एका दिवसात तोडला, तर एवढेही शरीराला जमत नाही. प्रचंड थकवा, मळमळ, उलट्या, सांधेदुखी, उठताना डोळ्यांपुढे अंधारी, रक्तदाब आणि साखर उतरणे असे त्याचे परिणाम दिसतात. प्रसंगी जिवावर बेतते. झोपलेल्या ग्रंथीला जाग यायला काही आठवडे, काही जणांना कित्येक महिनेही लागतात. म्हणून डोस पायरीपायरीने उतरवायचा.

पाच-सात दिवसांसाठी दिलेल्या गोळ्यांची गोष्ट निराळी. दम्याचा झटका किंवा अंगभर उठलेले पित्त यासाठी डॉक्टरांनी मोजक्या दिवसांचा कोर्स दिला असेल, तर तो बहुधा पायऱ्यांशिवायच संपवता येतो. आपला कोर्स कोणत्या प्रकारचा आहे, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे.

इथे एक महत्त्वाचा मुद्दा. ग्रंथी सुस्तावल्यामुळे थकवा येतो, पुरळ उठत नाही. तेव्हा डोस उतरताना पुरळ उठले, तर त्याचे कारण दुसरीकडे शोधावे लागते.

पुरळ दिसायला एक, कारणे अनेक

पहिले कारण म्हणजे मूळ आजाराने पुन्हा डोके वर काढणे. पूर्वी जिथे, जसे होते, तिथेच आणि तसेच चट्टे आले, तर हा संशय बळावतो. कोपराच्या आणि गुडघ्याच्या घडीतले इसब, अंगावर उठणाऱ्या पित्ताच्या गांधी, ल्युपसमध्ये गालांवर येणारी लाली, पेम्फिगसचे फोड ही याची उदाहरणे. पेम्फिगसवर दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. जे. एस. पसरिचा यांनी १९८०च्या दशकात ठरावीक अंतराने मोठ्या डोसचे उपचार देण्याची पद्धत रूढ केली, त्यामागेही रोजच्या स्टेरॉइडचे ओझे कमी करण्याचा विचार होता. कुष्ठरोगातही असा प्रकार घडतो. काही रुग्णांना उपचारांदरम्यान किंवा त्यानंतर तापासह लाल, दुखऱ्या गाठी उठतात. स्टेरॉइडने त्या बसतात आणि डोस खाली येताच काहींना पुन्हा उठतात. याचा अर्थ कुष्ठरोगाचे औषध निष्फळ ठरले, असा नसतो. ती शरीराची प्रतिक्रिया असते आणि तिच्यावर वेगळे उपचार असतात.

सोरायसिसच्या रुग्णांनी तर विशेष जपायला हवे. त्यांनी स्टेरॉइडच्या गोळ्या घेऊन त्या झटकन बंद केल्या, तर अंगभर पू भरलेल्या बारीक पुळ्या उठून ताप भरू शकतो. म्हणूनच त्वचारोगतज्ज्ञ सोरायसिसवर या गोळ्या देणे शक्यतो टाळतात. दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी स्टेरॉइड घेताना, "मला सोरायसिस आहे," हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

दुसरे कारण स्वतः स्टेरॉइडच. छातीवर, पाठीवर, खांद्यांवर एकाच आकाराच्या बारीक पुटकुळ्या उठतात. तारुण्यपीटिकांत असतात तसे काळे ठिपके त्यांत फारसे दिसत नाहीत. डोस कमी होत गेला, की त्या आपोआप ओसरतात. त्या फोडू नयेत. आरशात बघून धीर सोडण्याचे तर मुळीच कारण नाही.

तिसरे कारण जंतुसंसर्ग. स्टेरॉइडमुळे प्रतिकारशक्ती दबते आणि खाजही दबते, त्यामुळे चोर घरात शिरूनही पत्ता लागत नाही. जांघेतला, कमरेवरचा नायटा पसरतो. खरूज झालेली असते, पण खाज कमी असल्याने लक्षात येत नाही. घरातल्या दोघा-तिघांना रात्री खाज सुटत असेल, तर खरजेचीच शंका घ्यावी. शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे दुखरे फोड आले, तर ती नागीण असू शकते. तिची औषधे पहिल्या तीन दिवसांत सुरू झाली तर जास्त उपयोगी पडतात, म्हणून इथे घरगुती लेपांत वेळ घालवू नये.

चौथे कारण नवे औषध. स्टेरॉइड कमी करताना डॉक्टर अनेकदा दुसरे औषध जोडतात. त्याची ॲलर्जी असेल, तर पुरळ नव्या औषधामुळे उठते आणि दोष डोस कमी केल्याला दिला जातो. नवे औषध सुरू केल्यापासून दोन महिन्यांच्या आत तापासह पुरळ आले, चेहरा सुजला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत.

पाचवे कारण अगदीच साधे, घामोळे! उन्हाळ्यात डोस उतरवताना मानेवर, पाठीवर लाल टोचरे दाणे आले आणि कूलरसमोर तासभर बसल्यावर बरे वाटले, तर काळजीचे कारण फारसे नाही.

रस्त्याकडेचा शत्रू

आणखी एक कारण मराठी वाचकांच्या ओळखीचे आहे, ते म्हणजे गाजर गवत किंवा काँग्रेस गवत. १९५०च्या दशकाच्या मध्याला ते पुण्यात दिसल्याची नोंद झाली आणि पाहता पाहता ते देशभर पसरले. आज बुंदेलखंडातही पाऊस पडला, की रेल्वे रुळांच्या कडेने, मोकळ्या प्लॉटवर, शेताच्या बांधावर ते पांढऱ्या बारीक फुलांनी डवरते. या वनस्पतीचे वाळलेले कण वाऱ्याबरोबर उडतात. ज्यांना त्याची ॲलर्जी असते, त्यांच्या पापण्या, चेहरा, मान, कोपराच्या घड्या, म्हणजे उघडे राहणारे भाग आणि घड्या, खाजून लाल होतात, कातडी जाड पडते.

अशा रुग्णाला स्टेरॉइडने तात्काळ आराम पडतो. डोस कमी केला की पुरळ परतते, कारण कारण तसेच दाराबाहेर उभे असते! दरवर्षी पावसाळ्यातच त्रास उफाळत असेल, बाहेरगावी गेल्यावर कमी होत असेल, तर हे डॉक्टरांना सांगावे. त्वचेवर पट्टी लावून करायच्या ॲलर्जीच्या चाचणीने त्याचा छडा लागतो. गवत उपटायचे तर फुले येण्यापूर्वी, हातमोजे घालून, आणि ज्याला त्रास आहे त्याने मुळीच नाही. बाहेरून आल्यावर हात-तोंड धुऊन कपडे बदलावेत. पावसाळ्यात कपडे शक्यतो घरात वाळवावेत.

मलमाची कहाणी

आता पुन्हा त्या ट्यूबकडे वळू. आपल्याकडे सर्वांत जास्त गैरवापर होतो तो मलमांचा. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही नावे ट्यूबवर बारीक अक्षरांत असतात. त्यांतले क्लोबेटासोल सर्वांत जहाल मलमांपैकी एक. अनेक मलमांत एक स्टेरॉइड, एक बुरशीनाशक आणि एक जंतुनाशक अशी मिसळ असते. नायट्यावर ती लावली, की स्टेरॉइडमुळे लाली आणि खाज जाते, बुरशी मात्र आत फोफावते. नायट्याचे स्पष्ट रिंगण पुसट होते आणि निदान करणे डॉक्टरांनाही अवघड जाते. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे नेहमीच्या औषधांना दाद न देणारा नायटा फार वाढला आहे. अशा बुरशीच्या एका जातीला २०२० साली ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे नाव मिळाले. त्या नावात भारताचा उल्लेख आहे, ही काही अभिमानाची बाब नाही.

चेहऱ्याची गोष्ट अधिक हळवी. मोमेटासोन, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन असे मिश्रण वांगांवर मर्यादित काळासाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरायचे असते. पण 'रंग उजळतो' या ऐकीव माहितीवर ते रोजचे क्रीम होऊन बसते. मुलीला बघायला पाहुणे येणार असतात, एखाद्याला मित्राच्या लग्नात मिरवायचे असते. पहिले काही आठवडे चेहरा खरेच तजेलदार दिसतो. नंतर कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, पुटकुळ्या येतात, लव वाढते. क्रीम बंद केले तर दोन-चार दिवसांत चेहरा लाल होतो, आग होते, उन्हात क्षणभर उभे राहवत नाही. लावले की शांत, सोडले की आग! भारतीय त्वचारोगतज्ज्ञ याला 'स्टेरॉइडवर अवलंबून राहिलेला चेहरा' असे म्हणतात. या गैरवापराविरुद्ध त्यांच्या राष्ट्रीय संघटनेने खास कृतिदल स्थापन केले. २०१८ साली केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड मलमे शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तरीही अनेक ठिकाणी ती मागितली की मिळतात, हे वाचकांना ठाऊकच आहे. निदान आपण ती मागू नयेत.

याच यादीत बिननावाच्या पुड्याही धराव्यात. 'जडीबुटीची पुडी' म्हणून दिल्या जाणाऱ्या काही चूर्णांत स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे. पुडीने दोन दिवसांत दमा, सांधे आणि खाज असे सगळेच पळाले, तर आनंदापेक्षा शंका अधिक यायला हवी.

पायऱ्या कशा उतरायच्या?

गोळ्यांचे वेळापत्रक प्रत्येक रुग्णाचे निराळे असते, पण तत्त्व सोपे आहे. डोस मोठा असताना पायऱ्या मोठ्या असतात आणि तळाकडे येताना त्या लहान होतात. चाळीसवरून तीसवर येणे शरीराला तितके जड जात नाही, पण साडेसातवरून पाचवर येताना ते कुरकुरते. म्हणून शेवटच्या टप्प्यात घाई नको. गोळी शक्यतो सकाळी नाश्त्यानंतर घ्यावी, म्हणजे शरीराच्या नैसर्गिक लयीशी ती जुळते आणि पोटही सांभाळले जाते.

मधल्या एखाद्या पायरीवर आजार उसळला, तर डॉक्टर बहुधा ज्या डोसवर तब्येत स्थिर होती, तिथे काही काळ परत नेतात आणि मग अधिक सावकाश उतरवतात किंवा स्टेरॉइडची गरज कमी करणारे दुसरे औषध जोडतात. एक पायरी मागे येण्यात नामुष्की काही नाही. मात्र हा निर्णय डॉक्टरांचा असावा, आपला नव्हे.

डोस उतरत असताना मोठा ताप आला, उलट्या-जुलाब झाले, दात काढायचा असला किंवा शस्त्रक्रिया ठरली, तर तात्पुरता डोस वाढवावा लागतो. तेव्हा "मी स्टेरॉइड घेतो" अशी चिठ्ठी पाकिटात ठेवावी. झाशीहून पुण्या-मुंबईकडे लग्नकार्याला निघताना गोळ्या मोठ्या बॅगेत न टाकता हातातल्या पिशवीत ठेवाव्यात आणि चार दिवसांच्या जास्तच घ्याव्यात.

मलमाचे उतरणे वेगळे. नायट्यावर स्टेरॉइड लावले जात असेल, तर ते थांबवून बुरशीचे उपचार सुरू करावे लागतात. पहिले काही दिवस खाज वाढते, तिथे टिकून राहायला हवे. उपचार कित्येक आठवडे चालतात आणि घरात ज्यांना ज्यांना नायटा आहे त्या सर्वांनी ते एकाच वेळी घ्यावे लागतात. इसबावर जहाल मलम बरेच दिवस वापरले असेल, तर डॉक्टर सौम्य मलमावर आणतात, मग दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा. चेहऱ्यासाठी टॅक्रोलिमससारखे स्टेरॉइड नसलेले मलम देतात. तेही सुरुवातीला थोडे झोंबते, पण बहुधा काही दिवसांत झोंबणे कमी होते. चेहऱ्याची आग पूर्ण शमायला काही आठवडे, कधी काही महिने लागू शकतात. हे आधी ठाऊक असले, की माणूस तिसऱ्याच दिवशी हार मानत नाही.

मलम किती लावावे याचेही माप आहे. प्रौढ माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेराइतकी ट्यूबमधून पिळलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. दोन तळव्यांएवढ्या जागेला एवढे पुरते.

घरच्या घरी काय करावे?

अंघोळ कोमट किंवा साध्या पाण्याने, दहा मिनिटांत आटोपावी. घासणी बाजूला ठेवावी. अंग टिपून किंचित ओलसर असतानाच ओलावा राखणारे मलम लावावे. हिवाळ्यात पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल तेल चालते. मे महिन्यात मात्र जाड तेलकट थर दिला तर घामोळे वाढते, तेव्हा हलके लोशन बरे. नायट्याच्या जागी तेल चोळू नये. उत्तरेकडे अंगाला सरसोचे तेल लावायची पद्धत आहे, पण चिडलेल्या त्वचेला ते झोंबते. लिंबू, हळद, कडुनिंबाचा पाला, लसूण, डाळीच्या पिठाचे उटणे हे सगळे या काळात दूरच ठेवावे. दिवाळीचे अभ्यंग एक वर्ष नुसत्या पाण्याने केले तरी चालेल, होळीच्या रंगांना लांबूनच नमस्कार करावा.

खाज असह्य झाली, तर स्वच्छ सुती फडके थंड पाण्यात भिजवून, पिळून दहा मिनिटे ठेवावे. बर्फ थेट लावू नये. नखे कापलेली असावीत. खाज रात्री अधिक छळते, तेव्हा झोपेसाठी गोळी हवी असल्यास ती डॉक्टरांनी सांगितलेलीच घ्यावी. कपडे सैल, सुती. लोकर थेट अंगाला नको. दुपारी बाहेर पडायचे तर छत्री घ्यावी. स्कूटरवर तोंडाला ओढणी गुंडाळायची असेल, तर ती मऊ आणि रोज धुतलेली हवी. नायटा असेल तर टॉवेल, चादर, अंतर्वस्त्रे वेगळी ठेवून गरम पाण्यात धुवावीत आणि उलटी करून कडक उन्हात वाळवावीत. झाशीत उन्हाला काय तोटा!

एक वही ठेवावी. तारीख, त्या दिवशीचा डोस, पुरळ कुठे उठले, नवे काय खाल्ले-लावले, एवढे पुरे. पुरळ रोज बदलते आणि डॉक्टरांकडे जाईपर्यंत मावळते, म्हणून मोबाइलवर उजेडात फोटो काढून ठेवावेत. तपासणीला जाताना घरातल्या सगळ्या ट्यूब, गोळ्यांची पाकिटे आणि जुन्या चिठ्ठ्या एका पिशवीत घालून न्याव्यात. "एक पांढरी गोळी होती" या माहितीचा कुणालाच उपयोग नसतो. झाशीत १९६८ साली सुरू झालेल्या महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालयात आसपासच्या जिल्ह्यांतून रुग्ण येतात, पहाटेची बस पकडून येतात. इतक्या दूरून आल्यावर पिशवी घरी राहिली, तर फेरी फुकट जाते.

तातडीने डॉक्टर गाठावेत, जर...

• अंगभर लाली पसरली, कातडी सोलू लागली किंवा पूभरल्या पुळ्या आणि ताप एकदम आला.
• तोंडात, डोळ्यांत किंवा गुप्तांगावर फोड, व्रण आले.
• चेहरा, ओठ सुजले किंवा श्वास लागला.
• डोळ्याजवळ फोड आले किंवा एका बाजूने दुखऱ्या फोडांचा पट्टा उठला.
• सतत उलट्या, चक्कर, ग्लानी आली. विशेषतः गोळी चुकली असेल तर ही जीवघेणी अवस्था असू शकते.
• मधुमेह असताना नाक चोंदून चेहऱ्याची एक बाजू दुखू लागली किंवा सुजली.
• स्टेरॉइड चालू असताना कांजिण्या आलेल्या माणसाशी जवळचा संपर्क आला आणि आपल्याला त्या पूर्वी आलेल्या नाहीत.

घरच्यांनी काय करावे?

पुरळ लपत नाही. दम्याचा रुग्ण चारचौघांत बसू शकतो, पण चेहरा लाल झालेली मुलगी कॉलेजला जायचे टाळते. वाड्यातल्या गणपतीच्या आरतीलाही ती मागे उभी राहते. त्यात "आधी किती छान दिसत होतीस, लाव ना ते क्रीम पुन्हा," असे कुणी सहज बोलून जाते आणि सहा आठवड्यांची तपश्चर्या एका संध्याकाळी वाया जाते. "अगं, संसर्ग होईल," म्हणून भांडी वेगळी करणारेही भेटतात. इसब, सोरायसिस, पेम्फिगस, मलम सोडल्यावरची लाली यांतले काहीही स्पर्शाने पसरत नाही. नायटा आणि खरूज पसरतात, पण त्यांवर उपचार आहेत आणि ते साऱ्या घराने मिळून करायचे आहेत.

या दिवसांत रुग्णाला सल्ल्यांपेक्षा सोबत हवी असते. गोळीची आठवण करून देणारे, पाठीला हात पोहोचत नाही तिथे लोशन लावून देणारे, दवाखान्यात शेजारी बसणारे कुणी असले, की खाजसुद्धा निम्मी वाटते. सासूबाईंनी सुनेच्या चेहऱ्याबद्दल महिनाभर चकार शब्द काढला नाही, तर तो त्या घरातला सर्वांत स्वस्त उपचार ठरेल.

आणि आज संध्याकाळी एक काम जरूर करा. घरातला औषधांचा डबा उघडा. प्रत्येक ट्यूबवरची बारीक अक्षरे चष्मा लावून वाचा. ज्या ट्यूबचे नाव, कारण आणि मुदत सांगता येत नाही, ती बाजूला काढा आणि पुढच्या वेळी डॉक्टरांना दाखवा. मात्र घरात कुणी ती रोज लावत असेल, तर तिला किंवा त्याला न विचारता परस्पर फेकून देऊ नका. त्यांच्याशी बोला, आणि ती सोडायची कशी, हे विचारायला दोघे मिळून डॉक्टरांकडे जा.